उत्तरेचा लगतधारक

"ओ बाई, ते तिकाटणं उचला आधी. माझ्या चुलीत पाय ठेवलाय तुमी त्याचा."

फळीवरून मान वर केली तर समोर एक म्हातारी. हातात विळा, पदर कमरेला खोचलेला, आणि चेहरा असा की मी तिची कोंबडीच मारली असावी. खाली पाहिलं. खरंच, माझ्या मोजणीच्या फळीचा एक पाय तीन काळ्या दगडांच्या मधोमध रुतला होता. मी त्यांना नुसते दगड समजले होते.

"इथं चूल कशी?" मी विचारलं.

"मग काय तुमच्या डोक्यावर घालू? घर हितं, तर चूल बी हितंच."

घर म्हणजे बोरीच्या झुडपाआडचं पत्र्याचं खोपटं. मला तो गोठा वाटला होता. माझ्याजवळच्या नकाशात तिथं घर नव्हतं, चूल नव्हती आणि म्हातारी तर नव्हतीच. नकाशाप्रमाणे ओढ्यापासून गाडीवाटेपर्यंत सगळा गट एकाच माणसाचा होता, हिंदुराव खोचरेचा. मोजणीचा अर्जही त्याचाच होता, आणि तो माझ्या शेजारी उभा राहून टोपीनं घाम पुसत होता.

"आत्ती, गप की जरा," तो म्हणाला. "मॅडम सरकारी हायेत."

"मी कुठं म्हणलं चोर हायेत?"

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली. मी तेव्हा नोकरीत नवी होते, दुष्काळी पट्ट्यातल्या त्या तालुक्यात भूकरमापक म्हणून. गावोगावी मला 'मोजणीबाई' म्हणायचे. बाई मोजणी करते म्हणून कुणी गालात हसलं की माझं डोकं सटकायचं, म्हणून मी आधीच तोंड आंबट करून फिरायचे. तालुक्याला एका खोलीत एकटी राहायचे. संध्याकाळी खोलीवर गेलं की दुसऱ्या दिवशी शेतात पोचेपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. रविवार तर मला खायला उठायचा.

फळी उचलून मी बाजूला घेतली आणि हिंदुरावला विचारलं, "या कोण? आणि इथं कशा राहतात?"

"माझी आत्ती. गोजराबाई. नवऱ्यानं टाकल्यापासनं हितंच असती." त्यानं आवाज खाली आणला. "मॅडम, सगळा गट पवनचक्कीवाल्यांना द्यायचा ठरलाय. त्यांना मोकळी जमीन पायजे. आत्तीला मी सांगलीला नेणार हाय माझ्यासंगं. तिला काय उघड्यावर टाकत न्हाई मी."

म्हातारीचे कान चांगले तिखट होते. "मला न्यायला मी काय पोतं हाय?" ती म्हणाली. "ह्यो तुकडा माझ्या बानं मला चोळीबांगडीला दिलाय. ह्या घायपाताच्या वळीपासनं त्या बांधापर्यंत. ह्यो इकायचा न्हाई."

चोळीबांगडी म्हणजे काय ते त्या भागातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. सासरहून माघारी आलेल्या लेकीला बाप पोटापुरता तुकडा तोडून देतो, तिच्या चोळीबांगडीचा खर्च निघावा म्हणून. देतो तो तोंडी. घरातल्या घरात कसला कागद करायचा, असं म्हणतो. पुढे बाप मरतो, भाऊ मरतो, एकत्रीकरणात लहान लहान तुकडे जोडून मोठे गट होतात, आणि तोंडी दिलेला तुकडा भावाच्या गटात गडप होतो. अशी प्रकरणं मी आधीही पाहिली होती. त्यातली एकही बाई जिंकलेली पाहिली नव्हती.

"मावशी, कागद आहे का काही?" मी विचारलं.

"कागद कशाला लागतोय? मी हाय न्हवं हितं."

"तुम्ही आहात हो. पण कागदात नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हिंदुरावकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. वाईट माणूस नव्हता तो. त्याला खरंच वाटत होतं की आत्तीला तुकडा दिला ही बायकांनी धरून ठेवलेली गोष्ट आहे, आजोबांनी तिला नुसतं राहू दिलं होतं. आणि सांगलीची खोली या पत्र्यापेक्षा बरी, असंही त्याला मनापासून वाटत होतं.

"हे बघा," मी म्हणाले, "जमीन कुणाची ते मी ठरवत नाही. ती कुठं आहे एवढंच मी सांगते. पण इथं दुसऱ्या कुणाची हद्द असल्याचा काही पुरावा असेल तर मोजणी पुरी व्हायच्या आत दाखवा. एकदा सगळा गट एकजात मोजून नकाशा झाला की मग कोर्ट गाठावं लागेल."

"आन् कोर्टात काय दावायचं?"

"तेच, कागद."

ती खाली बसली. विळा मांडीवर ठेवला. आता ही रडणार, असं मला वाटलं आणि मी वैतागले, कारण रडणाऱ्या माणसापुढं काय बोलावं ते मला कधीच कळत नाही. पण ती रडली नाही. बसल्या बसल्या चुलीचा सरकलेला दगड नीट लावत म्हणाली, "च्या पिताय का?"

हिंदुराव कंपनीच्या माणसाला फोन करायला टेकाडावर गेला. तिथंच कुठंतरी रेंज यायची. माझा शिपाई बोरीखाली आडवा झाला. मी चहा पीत बसले आणि तिला सोप्या शब्दांत सांगायला लागले, कारण काहीतरी बोलणं भाग होतं.

"मावशी, जुन्या खरेदीखतात नकाशे नसायचे. गट नंबरही नव्हते. मग जमीन कुठली हे कसं कळायचं? चतुःसीमा लिहायचे. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, दक्षिणेला, उत्तरेला कोण. म्हणजे जमिनीचा पत्ता शेजाऱ्यांच्या नावानं. तुमचा कागद नसला तरी तुमच्या शेजाऱ्याच्या जुन्या कागदात त्याचा शेजारी म्हणून तुमचं नाव असू शकतं. कोण कोण आहे तुमच्या चारी बाजूंना?"

"उगवतीला वढा. तो काय बोलतोय? मावळतीला गाडीवाट. खालच्या अंगाला भावाची जमीन, म्हंजे ह्या हिंदुरावाचीच."

"आणि उत्तरेला?"

ती कपाची कड पदरानं पुसत राहिली.

"उत्तरेला कोण, मावशी?"

"हाय एक मुडदा."

मुडद्याचं नाव सिदा शेंडगे. सिदूआबा. तेवढ्यात तो मला दिसलाही. बांधापलीकडं धोतराचा सोगा खोचून एक उंच वाळका म्हातारा खोऱ्यानं बांधाच्या कडेचं गवत काढत होता. गोजराबाईनं कप खाली ठेवला, उठली, आणि माझ्याशी बोलत होती तो आवाज कुठच्या कुठं गेला.

"ए सिद्या! खोरं आत घालू नगंस! सांगून ठेवती!"

"तुझ्या बापाचा बांध हाय का गं?"

"व्हय, बापाचाच हाय!"

"दोन हात आत आलीयास माझ्या! दोन हात! वर्साला वर्साला सरकतीया, उंदरागत!"

"डोळं फुटलं तुजं!"

"फुटू देत! तुला बघायला तरी लागायचं न्हाई!"

असं बराच वेळ चाललं. शिपाई उठून बसला. मला वाटलं आता खोरं नाहीतर विळा चालणार. पण दोघंही बांधाच्या आपापल्या बाजूनं, एकमेकांच्या समोरासमोर, ओढ्यापासून वाटेपर्यंत भांडत चालत गेले आणि वाटेपासून ओढ्यापर्यंत भांडत परत आले. मग तो त्याच्या खोपीकडं गेला, ती चुलीकडं आली. तिचे गाल लाल झाले होते.

"रोज असतं हे?" मी विचारलं.

"रोज सकाळी. आज जरा उशीर झाला. तुमच्यापायी."

"मग त्याच्याकडं जुना कागद असेल. त्यानं जमीन विकत घेतली असेल ना कुणाकडून तरी?"

"घेतलीया. माझा बा हुता तवा." ती एकदम कडक झाली. "पर त्याच्या दारात माझ्यासाटनं कुणी जायचं न्हाई. तुमी बी न्हाई. जमीन गेली तरी चालंल."

"मावशी, वेड्या आहात का तुम्ही? डोक्यावरचा पत्रा जाईल."

"जाऊ दे. त्यो म्हणंल, गोजरी माझ्या पायापाशी आली."

मला इतका राग आला की मी उरलेला चहा ओतून दिला. माझा काय संबंध? म्हातारी सांगलीला जाईल, नातवंडांत राहील, दोन वेळचं गरम खाईल. तरी त्या दिवशी खोलीवर गेल्यावर मला जेवण गेलं नाही. तिच्या त्या रिकाम्या माळावर तिच्याशी धड बोलायला कुणी नव्हतं आणि इथं भर बाजारपेठेत माझ्याशीही नव्हतं, हे माझ्या एकदम ध्यानात आलं आणि मी स्वतःवरच चिडले.

दुसऱ्या दिवशी पंचांसमोर हद्दी कायम करायच्या होत्या. मोजणी म्हटली की लगतधारकांना नोटीस जाते. लगतधारक म्हणजे ज्यांची जमीन मोजायच्या जमिनीला चिकटून आहे ते. त्यांनी यायचं, हद्द बघायची, हरकत असली तर तिथंच बोलायचं. म्हणून सिदूआबाही आला होता. डोक्याला लाल पटका, काखेत पिशवी. सगळ्यांपासून लांब, आपल्या बांधावर बसला होता. हिंदुराव होता, पवनचक्कीवाल्यांचा शर्ट खोचलेला माणूस होता, गावचे दोन पंच होते. गोजराबाई खोपटाच्या दारात उभी होती. तिनं सामान बांधून ठेवलं होतं, मला आतलं गाठोडं दिसत होतं. कुणी हाकलून काढण्यापेक्षा आपणच तयार असावं, असं तिनं ठरवलं असावं.

मी कायद्यानं विचारायचं ते मोठ्यानं विचारलं, "या गटात, ओढ्यापासून गाडीवाटेपर्यंत, हिंदुराव खोचरे सोडून दुसऱ्या कुणाची वहिवाट किंवा हद्द आहे का?"

हिंदुराव घसा खाकरून म्हणाला, "न्हाई मॅडम. कुणाची कायबी न्हाई. आत्ती नुसती राहती. तिचं हितं कायच न्हाई."

पंचांनी माना हलवल्या. मी पेन टेकवलं.

"काय म्हणलास?" बांधावरून आवाज आला.

सिदूआबा उठून उभा राहिला होता.

"आबा, तुमी तुमच्या हद्दीपुरतं बोला," हिंदुराव म्हणाला.

"हद्दीपुरतंच बोलतोय! हितं गोजरीचं कायच न्हाई? मग माझा बांध इतकी वरसं कोण कोरतंय रं? भूत?" तो तरातरा खाली आला. "मोजणीबाई, लिवा. माझी हरकत हाय. त्या बाईनं दोन हात जमीन खाल्लीया माझी. आता तिची जमीनच न्हाई म्हणल्यावर मी दोन हात कुणाकडं मागायचं? ह्याच्याकडं? त्या पंख्यावाल्याकडं?"

"आबा, तिची जमीन आहे हे कशावरून?" मी विचारलं.

"कशावरनं म्हंजे? तिच्या बानं दिली तवा मी हितंच वाट्यानं रान करत हुतो! ती घायपाताची वळ बगा खालच्या अंगाला. रोपं मी दिली हुती म्हाताऱ्याला. हद्द आखाया." त्यानं पिशवी उघडली, फडक्यात गुंडाळलेला एक पिवळा पडलेला कागद काढला आणि माझ्या फळीवर आपटला. "आन् ह्यो माझा कागद. वाचा. मोठ्यांदा वाचा, तिला बी ऐकू जाऊ दे."

खरेदीखत होतं. अक्षर कुण्या जुन्या लेखनिकाचं, लांबलचक ओळीचं. मी चतुःसीमा शोधून मोठ्यानं वाचली. "पूर्वेस ओढा. पश्चिमेस गाडीवाट. उत्तरेस गावचे गायरान. दक्षिणेस गोजराबाई भ्रतार महिपती हीस तिचे बापाने चोळीबांगडीस दिलेली पड जमीन."

मग दारातून गोजराबाई म्हणाली, "त्या महिपतीचं नाव कशापायी घातलं मेल्यांनी?"

एक पंच फिसकन हसला. मी हिंदुरावपुढं कागद धरला आणि खाली बोट दाखवलं. साक्षीदारांत पहिलं नाव त्याच्या आजोबांचं होतं, पुढं अंगठा. लगतच्या जमिनीचा मालक साक्षीला असायचाच तेव्हा.

हिंदुरावनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. टोपी काढली, परत घातली.

"आज्जानं खरंच दिलीवती म्हणायची," तो म्हणाला. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. मग कंपनीच्या माणसाकडं वळून म्हणाला, "साहेब, घायपाताच्या अल्याडची तेवढी सोडून घ्या. ती आत्तीची हाय." आणि मग माझ्याकडं न बघता, "तिच्या नावावर करायला काय करावं लागतंय, ते तेवढं सांगा."

तशी मोजणी झाली. घायपाताची ओळ मी दक्षिणेची हद्द धरली. उत्तरेला मात्र सिदूआबाची दोन हातांची हरकत होती, ती मिटवायची म्हणून पहिल्या सरकारी मोजणीच्या जुन्या टिपणातली मापं काढून ओढ्याकाठच्या मूळ दगडापासून साखळी ओढली. माप बांधाच्या बरोबर मधोमध आलं, जिथं गोजराबाई सांगत होती तिथं. आबाचे दोन हात कुठंच नव्हते.

"सरकार बी तिच्याच बाजूचं," तो म्हणाला. पण तिथंच उभा राहून त्यानं दगड नीट रोवला की नाही ते बघितलं, पायानं माती दाबली.

गोजराबाई त्याला काही बोलेल, निदान पाणी विचारेल, असं मला वाटलं होतं. ती त्याच्या पाठीकडं बघत ओरडली, "पाय काढ बांधावरचा!"

मी निघाले तेव्हा ती गाठोडं सोडत होती.

यानंतर वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एक दिवस टेबलावर तिचा अर्ज आला. तिच्याच जमिनीची पुन्हा मोजणी, कारण उत्तरेकडील लगतधारकानं हद्दीचा दगड सरकवला. खाली अंगठा. माझं डोकंच फिरलं. एवढी मरमर करून दगड रोवले आणि या दोघांचं आपलं तेच चालू! मी नोटिसा काढायला सांगितल्या आणि तारीख लावली.

गेले तर माळ ओळखू येईना. घायपाताच्या पलीकडं पवनचक्क्या फिरत होत्या, त्यांची घरघर एकसारखी कानात बसत होती. हिंदुराव सांगलीला गेलेला. वाटेवरची दोन-तीन खोपटीही उठलेली. माणूस म्हणून नजरेला पडत नव्हतं. फक्त गोजराबाईच्या अंगणात सडा टाकला होता, घोंगडं अंथरलं होतं आणि ती धुतलेलं लुगडं नेसून वाटेकडं तोंड करून बसली होती.

"आलात का?" ती म्हणाली. "नोटीस गेली न्हवं त्याला?"

"गेली असेल की. दगड कुठला सरकलाय, दाखवा."

"तिकडं पुण्याच्या पत्त्यावर गेली का? पत्ता मी दिलाय अर्जात."

"पुण्याच्या? का?"

"दिवाळीला त्याचा ल्योक घिऊन गेला त्याला. चाकणला असतोय ल्योक." ती उठली, पदर नीट केला. "म्हणलं, सरकारचा कागद गेला म्हंजे यायलाच लागतंय की लगतधारकाला. लागतंय न्हवं?"

मी बांधावर गेले. दगड जिथं मी रोवला होता तिथंच होता. जरासुद्धा हललेला नव्हता. पलीकडच्या सिदूआबाच्या रानात गुडघाभर गवत वाढलं होतं, बांधाच्या कडेनंसुद्धा. कुणी खोरं लावलेलं नव्हतं.

मला तेव्हा कुठं कळलं. मी रागानं बोलायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. परत येऊन घोंगड्यावर तिच्याजवळ बसले.

"येईल," मी म्हणाले. खोटंच.

"येतोय बगा. त्याला माझ्या बांधाचं लई लागतंय." ती वाटेवरची नजर काढत नव्हती. "दिस उगवायला उठून बसती मी. सवय हाय. मग गप्पच बसती. मागं एकदा शेळीलाच शिव्या घातल्या."

ऊन चढलं तशी वाटेवर धूळ उठली. मोटारसायकल होती. गोजराबाई एकदम उभी राहिली. मोटारसायकलवरून एकटाच माणूस उतरला, सिदूआबाचा मुलगा, बिरा. पॅन्ट-शर्ट, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यानं दोघींनाही नमस्कार केला.

"आबा न्हाई आला?" गोजराबाईनं विचारलं.

"न्हाई. मलाच लावून दिलं." त्यानं खिशातून एक कागद काढून मला दिला. "संमती लिहून दिलीया, मॅडम. आमची कायबी हरकत न्हाई. काकू म्हणतील तितं दगड घाला."

"म्हणतील तिथं?"

"व्हय. आबाच म्हणाले. गोजरीला पायजे तेवढं घिऊ दे म्हणाले. भांडू नगंस तिच्यासंगं."

मी गोजराबाईकडं बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"असं म्हणला?"

"व्हय, काकू."

"शिवी न्हाई दिली?"

"न्हाई."

"दोन हात, दोन हात काय म्हणला न्हाई?"

"न्हाई ओ काकू. राहू दे तिला, म्हणाले."

ती घोंगड्यावर खाली बसली, हळूच, हात टेकून. मग वर बघून म्हणाली, "बिरा, खरं सांग. सिदा असं म्हणत असंल तर त्याचं काय खरं न्हाई."

बिरानं तोंड फिरवलं. पलीकडं त्यांच्या रानाकडं बघत म्हणाला, "डॉक्टरनी घरी न्या म्हणून सांगितलंय. आठवडाभर काढतील न काढतील."

मी उठले, म्हटलं, "मावशी, दगड बरोबर जागेवर आहे. मोजणीची काही गरज नाही. मी तसं लिहून देते."

"मोजणी नगं," ती म्हणाली. "पर दगुड हलवायचाय."

"कुठं हलवायचा?"

ती उठली. दारातली पहार घेतली आणि बांधावर गेली. दगडाशी उभी राहिली, मग वाकून आपल्या बाजूला हातानं माप घेतलं. कोपरापासून बोटापर्यंत एकदा, मग पुढं अजून एकदा. दुसऱ्या हाताच्या टोकाला तिनं पहार मारली.

"हितं," ती म्हणाली.

"मावशी, ती तुमची जमीन आहे. तुमचंच माप बरोबर आलं होतं. मी स्वतः मोजलंय."

"ठावं हाय मला. पयल्यापासनं ठावं हाय. हितं घाला."

"काकू, नगं," बिरा म्हणाला. "आमाला काय करायची हाय?"

"तुला कोण देतंय? मधी बोलू नगंस."

सरकारी दगड मला असा हलवता येत नाही, हे मी तिला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. पहार तिच्या हातून घेतली आणि माती उकरायला लागले. बिरानं दगड उपसला, दोघांनी मिळून तो दोन हात आत आणून रोवला. तिनं स्वतः पायानं माती दाबली. एकदा दाबली, पुन्हा दाबली.

मग ती त्या नव्या हद्दीवर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, पलीकडच्या गवतानं भरलेल्या रानाकडं तोंड करून. आणि घशाच्या शिरा ताणून ओरडली.

"ए सिद्या! मुडद्या! घेतलंस न्हवं दोन हात? आता बोल की!"

पलीकडून कुणी बोललं नाही. ती थांबली, जरा कान देऊन उभी राहिली, आणि पुन्हा हाक मारली.